एका पैशाचे दफ्तर

मुंबई बेटाच्या ईशान्येस, वडाळा आणि शीवचा कोळीवाडा यांच्या दरम्यान, अँटॉप हिल नावाची जी ठेंगणी टेकडी आहे, तिची शहराच्या इतिहासकारांनी फारशी दखल घेतलेली नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोषही देता येत नाही. कारण शेख मिस्री यांचा दर्गा, जवळचे वडाळ्याचे विठ्ठलमंदिर, बंदराच्या मालाची गोदामे आणि मिठागरांवरून येणारा खारा वारा एवढ्या सामग्रीवर गिरगावासारखा पोक्त इतिहास उभा राहत नाही. परंतु जुन्या टपालाचा संग्रह करणाऱ्या माणसाने या टेकडीकडे दुर्लक्ष करू नये, असे मला वाटते, आणि त्याचे कारण म्हणजे तिच्या पायथ्याशी वसलेली केंद्र सरकारच्या नोकरांची ती विस्तीर्ण वसाहत, जिला सगळे जण सी. जी. एस. कॉलनी म्हणून ओळखतात. नाना खात्यांतील कारकून आणि अंमलदार येथे नांदले. त्यांच्या नोकरीचा स्वभावच बदलीचा, त्यामुळे त्यांच्या आप्तेष्टांचा पत्रव्यवहार हिंदुस्थानभर पसरलेला. आणि सेवानिवृत्तीनंतर मुदतीच्या आत क्वार्टर खाली करून द्यावे लागत असल्यामुळे, तीस-तीस वर्षांचे घरगुती दफ्तर चार दिवसांत निकालात काढण्याचा प्रसंग अशा घरावर कधी ना कधी येणारच. वाड्यातला माळा पिढ्यानुपिढ्या कागद पोटात घेत राहतो. सरकारी क्वार्टरला माळा असला तरी पुढची पिढी त्याच छपराखाली राहत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या दारामागे आकड्याच्या तारेत ओवून ठेवलेली कार्डे, तारेच्या भोकासकट, अशा वस्त्यांतून रद्दीच्या तराजूत येऊन पडतात, आणि तेथून ती पुड्यांच्या कामी जायची की कोणा वेड्याच्या संग्रहात, हे दैवावर अवलंबून राहते.

लोकांनी टाकाऊ मानलेले वेचून ठेवण्याची एक परंपरा या परिसराला आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. वडाळ्याचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय ज्या अ‍ॅक्वर्थसाहेबाच्या नावाने चालते, तो हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता, आणि १८९० साली निराधार महारोग्यांसाठी हे आश्रयस्थान उभे करीत असतानाच, दुसऱ्या बाजूने तो गोंधळ्यांच्या मुखातील मराठी पोवाडे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने जमा करीत होता. त्या दोघांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील काही पोवाड्यांचे अ‍ॅक्वर्थने केलेले इंग्रजी रूपांतर १८९४ साली विलायतेत निघाले. त्या काळच्या सुशिक्षितांना पोवाडा ही भिक्षेकऱ्याची जिन्नस वाटे. आज आपल्याला पोस्टकार्ड हे रद्दी वाटते, तितकेच साहजिकपणे.

पोस्टकार्डाच्या संग्रहाला तिकिटांच्या संग्रहाहून वेगळे का मानायचे, याचा खुलासा प्रथम केला पाहिजे. तिकीट ही सुटी वस्तू आहे. ती विकत घेऊन कशावरही डकवता येते. याउलट ज्या कागदावर सरकारने आपले मूल्यचिन्ह आधीच छापून ठेवलेले असते, अशा जिनसांचा एक स्वतंत्र वर्ग आहे: साधे पोस्टकार्ड, उत्तराचे अर्धे अंग सोबत घेऊन जाणारे जोडकार्ड, ठशाचे पाकीट, रजिस्टरचे पाकीट, वर्तमानपत्राचे वेष्टण आणि १९५० साली सुरू झालेले अंतर्देशीय पत्र. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतून या वर्गाला स्वतंत्र स्पर्धा-विभाग असतो. मुंबई इलाख्याला तर या विषयात एक मानाचे पान आहे, कारण आशिया खंडातील पहिली टपालतिकिटे १८५२ साली बार्टल फ्रियरने काढली ती सिंध प्रांतात, आणि सिंध त्या वेळी मुंबई इलाख्याचाच एक भाग होता. पुढे १८५४ च्या कायद्याने सर्व हिंदुस्थानाकरिता अंतर न पाहता केवळ वजनावर हशील घेण्याचा शिरस्ता पडला, आणि पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा दर ठरला. मुंबईहून ठाण्यास आणि मुंबईहून कलकत्त्यास एकच मोल, ही गोष्ट त्या काळच्या मनुष्याला चमत्कारासारखी वाटली असल्यास नवल नाही; त्यापूर्वी अंतराप्रमाणे हशील वाढत जाई आणि पुष्कळदा ते पत्र घेणाऱ्याच्या गळ्यात पडे.

परंतु अर्धा आणाही गरिबाला जड होता. ती अडचण दूर केली युरोपातून आलेल्या एका साध्या कल्पनेने. एमानुएल हेर्मान नावाच्या ऑस्ट्रियातील अर्थशास्त्राच्या अध्यापकाने असा हिशेब मांडला, की चार ओळींच्या निरोपासाठी कागद, लखोटा, लाख आणि पूर्ण टपालहशील खर्च करावयास लावणे हा राष्ट्राच्या संपत्तीचा अपव्यय आहे; त्याच्या सूचनेवरून १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातले पहिले पोस्टकार्ड निघाले. नोकरचाकर आपले खाजगी वाचतील या भीतीने तिकडच्या प्रतिष्ठितांनी नाके मुरडली, पण कार्डाचा प्रसार काही थांबला नाही. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे रोखठोक एक पैसा. छपाई लंडनच्या डी ला रू कंपनीची. उजव्या कोपऱ्यात राणीचा मुखवटा, वर ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’ अशी अक्षरे, आणि या बाजूस केवळ पत्ताच लिहावा अशी इंग्रजीत ताकीद. परदेशी जाणारे कार्ड दीड आण्याचे होते. ज्या देशात बहुसंख्य प्रजेला वाचता येत नव्हते, तेथे उघड्या पत्राची लाज वाटण्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाही, कारण बंद पत्रही कोणाकडून तरी वाचूनच घ्यावे लागे. टपालवाल्याने कार्ड आणावे, उंबऱ्याशी बसून ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि जमल्यास उत्तरही लिहून द्यावे, ही वहिवाट कोकणात व देशावर अगदी अलीकडेपर्यंत चालू होती.

येथवरचा मजकूर कोणत्याही माहितीपुस्तकात सापडेल. माझा मुद्दा निराळा आहे, आणि तो असा, की पोस्टकार्ड ही अशी टपालवस्तू आहे जिच्यात मूल्य, पत्ता, शिक्का आणि मजकूर हे चारही अवयव एकाच कागदावर कायमचे जखडलेले असतात, आणि म्हणून ते अखंड ठेवले तरच पुरावा म्हणून उभे राहते. पाकिटातून पत्र निसटते, पाकिटावरून तिकीट उखडते, आणि मग कोणी, कोठून, केव्हा, कोणास हा संबंध तुटतो. कार्डाचे तसे होत नाही. दुर्दैवाने जुन्या पिढीतील पुष्कळ संग्राहकांनी तिकिटांच्या वहीत बसवण्यासाठी कार्डावरचा छापील ठसा कात्रीने चौकोनी कापून घेतला आणि उरलेले कार्ड फेकून दिले. राणीचा तो मुखवटा लाखांनी छापलेला होता. फेकलेला भाग मात्र जगात एकच होता. असे चौकोनी तुकडे आजही जुन्या वह्यांतून ओळीने चिकटवलेले आढळतात. ते पाहून मला राजवाड्यांची आठवण होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वाड्यावाड्यांतून, देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरांतून मोडी कागदांचे रुमाल गोळा करीत हिंडले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचे बावीस खंड त्यांनी उभे केले. पण त्यांना दरबारी वकिलांच्या आणि सरदारांच्या पत्रांबरोबर गिरणीतल्या साच्यावाल्याचे पत्र हवे होते असे म्हटल्यास ते साहस होईल. ते पत्र सांभाळण्याचे काम कोणा संस्थेने अंगावर घेतलेले नाही. ते हौशी माणसावर येऊन पडले आहे.

कार्ड वाचावयाचे ते पत्त्याच्या बाजूने. नवशिके मजकुराकडे धाव घेतात, आणि तेथेच फसतात, कारण मजकुरात लेखक आपल्याला जे सांगू इच्छितो तेवढेच असते, पत्त्याच्या बाजूला मात्र त्याच्या नकळत झालेली नोंद असते. शिक्का हा त्यांतला मुख्य साक्षीदार. रवानगीच्या कचेरीचा एक, वाटपाच्या कचेरीचा दुसरा, आणि मध्ये पत्र रेल्वेच्या टपालडब्यात छाटले गेले असल्यास आर. एम. एस.चा तिसरा, या तिघांच्या तारखा जुळवल्या की कार्डाने प्रवासात किती काळ घालवला हे कोणत्याही अहवालावाचून समजते. मुंबईसारख्या शहरात दिवसातून अनेक वेळा वाटप होई आणि ते कितवे वाटप हेही शिक्क्यात कोरलेले असे. सकाळी गिरगावातून टाकलेले कार्ड त्याच दिवशी परळला पोहोचल्याचा पुरावा हातात आला, म्हणजे आजच्या वेगाविषयीचा आपला अभिमान थोडा खाली उतरतो. विलायतेच्या टपालावर ‘सी पोस्ट ऑफिस’ असा शिक्का आढळल्यास तो मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान आगबोटीवर बसून पत्रे छाटणाऱ्या कारकुनांचा आहे हे समजावे. १८६८ साली सुरू झालेली ही तरंगती कचेरी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१४ साली बंद पडली. शिक्क्यांच्या या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे पारशी गृहस्थ जाल कूपर यांचे नाव आदराने घेतले जाते. प्रारंभीच्या हिंदी टपालशिक्क्यांवरील त्यांचा ग्रंथ अद्याप मातबर संग्राहकांच्या टेबलावर असतो.

शिक्का पुसट असेल तर पत्ता मदतीस येतो. पिन येण्यापूर्वी मुंबईच्या वाटप-विभागांना साधे क्रमांक होते: गिरगाव मुंबई ४, परळ-लालबाग मुंबई १२, दादर मुंबई १४, आणि अँटॉप हिलच्या बाजूस मुंबई ३७. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन आला तेव्हा मुंबईचे हे जुने क्रमांक मोडून न टाकता शेवटी तसेच बसवले गेले, म्हणून गिरगाव ४००००४ झाले आणि अँटॉप हिल ४०००३७. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, पहिले तीन मिळून छाटणीच्या जिल्ह्याचे, उरलेले तीन वाटपाच्या कचेरीचे, अशी ही रचना. ‘मुंबई ३७’ एवढाच उल्लेख असलेल्या कार्डावरची तारीख वाचता आली नाही, तरी ते बहुधा १९७२ च्या अलीकडचे नाही, एवढे अनुमान त्यावरून करता येते. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी नव्या आकड्याला पुष्कळ वर्षे दाद दिली नाही. ज्यांच्या नावे ही योजना ओळखली जाते ते श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी, आणि त्याहून विलक्षण म्हणजे संस्कृतचे कवी व नाटककार. सहा अंकांत सारा देश बसवणारा मनुष्य वृत्तांच्या गणमात्रांत वाढलेला असावा, हा योगायोग मला तरी मोठा मौजेचा वाटतो.

छापील मूल्यावरूनही काळ ठरवता येतो. एक पैशाचे कार्ड त्रेचाळीस वर्षे एक पैशालाच राहिले. १९२२ साली ते अर्ध्या आण्याचे झाले, १९३१ च्या मंदीत नऊ पैंचे, १९४६ साली पुन्हा खाली आले, आणि १९५७ साली नव्या पैशांचा अंमल सुरू झाल्यावर आणे-पै कायमचे गेले. वाघाच्या तोंडाचे १५ पैशांचे कार्ड आजच्या पन्नाशीतल्या वाचकांनी स्वतः लिहिलेले असेल. दर वाढला की घरात शिल्लक असलेल्या जुन्या कार्डावर कमी पडणाऱ्या मूल्याचे तिकीट डकवून ते धाडले जाई, आणि असे जोडतिकिटाचे कार्ड संग्राहकाला कोऱ्या कार्डापेक्षा अधिक मोलाचे, कारण त्यात काटकसर करणारा मनुष्य दिसतो. जोडतिकीट लावायला जो विसरला, त्याचे कार्ड ‘नॉटपेड’ ठरून घेणाऱ्याकडून दुप्पट दंड वसूल होई; तो दंडाचा शिक्का असलेली कार्डेही वेगळी काढून ठेवावीत. छपाई १९२० च्या दशकाच्या मध्यापासून नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात होऊ लागली, तेव्हा लंडनचा कागद आणि नाशिकचा कागद हाताला निराळा लागतो. हा फरक शब्दांत सांगता येत नाही. दहा-वीस कार्डे चाचपली की तो बोटांना समजतो.

आता मजकुराकडे वळू. मराठी कार्डाची घडण ठरलेली होती. माथ्यावर ‘श्री’, खाली स्थळ आणि मिती, मग तीर्थरूपांस कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार अथवा चिरंजीवास अनेक आशीर्वाद, ‘वि. वि.’, इकडील क्षेम, तिकडील क्षेमाची पृच्छा, आणि या सगळ्या सोपस्कारानंतर उरलेल्या तीन बोटांच्या जागेत खरे कारण: म्हैस व्याली, दावा लांबला, भाताला पाऊस नाही, पैसे पाठवावेत. जागा संपली की लेखक कार्ड आडवे फिरवून समासात लिही, आणि तेथेही न मावल्यास ‘ता. क.’ उलटे होऊन ‘श्री’च्या डोक्यावर जाऊन बसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, विशेषतः व्यापाऱ्यांची आणि जुन्या वळणाच्या गृहस्थांची कार्डे मोडीत असतात. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली लेखणी न उचलता धावत गेलेले ते अक्षर वाचता येत नाही म्हणून पुष्कळ जण अशी कार्डे सोडून देतात. मोडीचा अभ्यास चार-सहा महिन्यांचा आहे. तेवढे कष्ट ज्याला नकोत त्याने मराठी टपालाचा संग्रह न केलेला बरा. मिती शकाची असल्यास अठ्ठ्याहत्तर मिळवावेत, मात्र पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल तर एकोणऐंशी. इतके साधे गणित चुकल्यामुळे विक्रेत्यांनी वर्षभर मागेपुढे लावलेली कार्डे बाजारात नित्य दिसतात.

कोणती कार्डे टिकली आणि कोणती नष्ट झाली, हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लग्नाच्या निमंत्रणाचे, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले कार्ड पुष्कळ घरांतून आदराने जपले गेले. निधनवार्तेचे कार्ड मात्र क्वचितच हाती येते. त्याच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत नसत, काही ठिकाणी त्याचा कोपरा फाडून पाठवीत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ते हातात पडताक्षणी उमगे. आणि वाचून होताच ते फाडून टाकण्याचा, घरात न ठेवण्याचा प्रघात होता. लोक स्नान करीत आणि कार्ड नाहीसे होई. प्लेगाच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अशी किती कार्डे मुंबईहून गावोगाव गेली असतील याची कल्पना करवत नाही, परंतु ती टपालात शोधू गेल्यास हाती काहीच लागत नाही, आणि एखाद्याने केवळ उपलब्ध कार्डांच्या राशीवरून त्या काळाचे चित्र काढले, तर त्यात सर्व मंडळी क्षेम असून लग्ने करीत बसलेली दिसतील! म्हणून कोपरा फाटलेले, माथा कोरा असलेले, जीर्ण कार्ड स्वस्तात मिळाले तर ते खराब माल म्हणून नाकारू नये.

दुसरा भेद शहर आणि गाव यांच्यातला. लालबाग-परळच्या गिरणगावात साताऱ्याकडून आणि रत्नागिरीकडून आलेला कामगार दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जणांबरोबर राही. त्याला आलेली पत्रे तेथे कोठे ठेवणार? गावाकडून आलेली कार्डे अशा रीतीने मुंबईत संपली, आणि मुंबईहून गेलेली कार्डे गावच्या घरात, कौलाखालच्या वाशाला खोचलेली, धुराने पिवळी होऊन टिकली. गिरणगावचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने म्हणूनच मुंबईत नव्हे, तर चिपळूण, संगमेश्वर, पाटण या बाजूंना शोध घ्यावा. त्यातही हस्ताक्षर त्या कामगाराचेच असेल असे समजून चालू नये. मुंबईच्या मोठ्या टपालकचेरीसमोर, जॉन बेग याने विजापूरच्या गोलघुमटाची आठवण ठेवून बांधलेल्या आणि १९१३ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीच्या सावलीत, निरक्षरांची पत्रे आणि मनीऑर्डरीचे फॉर्म लिहून देणारे लेखक वर्षानुवर्षे बसत. त्यांच्या हातची शेकडो कार्डे एकाच वळणाची, एकाच ठरावीक वाक्यांची. ‘आईस सांगणे की काळजी करू नये’ हे वाक्य मुलाचे की लेखकाच्या सवयीचे, हे ठरवणे अवघड आहे.

सचित्र कार्डांविषयी मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यांच्यावर पुरेसे लिहिले गेले आहे आणि त्यांचे भावही त्या मानाने चढलेले आहेत. जे. जे. कलाशाळेचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या रस्त्यावरील माणसांची जी रंगीत कार्डे काढली ती रेखाटनाच्या दृष्टीने पहिल्या प्रतीची आहेत. रविवर्म्यांचा छापखाना गिरगावात निघून पुढे मळवलीस गेला, त्याच्याही देवादिकांच्या कार्डांचा मोठा बाजार होता. पण ही कार्डे पुष्कळदा साहेबाने मडमेला धाडलेली असतात, आणि मागच्या मजकुरात उकाड्याची तक्रार यापलीकडे काही नसते. देखणी वस्तू हवी असेल त्याने ती जरूर घ्यावी.

संस्थानी कार्डे हा त्याहून अधिक गंभीर विषय. भोरच्या पंतसचिवांनी १८७९ साली, म्हणजे सरकारी पोस्टकार्ड निघाले त्याच वर्षी, हाताने छाप मारलेली स्वतःची तिकिटे काढली होती, हे पुण्याच्या वाचकांनाही क्वचित ठाऊक असते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे इंग्रजी मालावर संस्थानाचे नाव वरून छापून घेत. इंदूरच्या होळकरांचा कारभार स्वतंत्र. आणि मराठवाड्याच्या माणसाला जवळची अशी निजामाची टपालव्यवस्था: तिच्या १८७१ च्या तिकिटांवर मूल्य इंग्रजी व उर्दूबरोबर मराठीत आणि तेलुगूतही दिलेले होते, आणि ती व्यवस्था १९५० पर्यंत चालली. औरंगाबादहून नांदेडला संस्थानी कार्ड चाले, पण तेच कार्ड नगरला पाठवायचे झाल्यास इंग्रजी टपालाची वाट धरावी लागे. एका भाषेच्या मुलखातून गेलेल्या राजकीय सीमा कशा होत्या, हे दाखवायला अशी दोन कार्डे शेजारी शेजारी ठेवावीत.

खरेदी चोरबाजारात, फोर्टातील पदपथावरच्या विक्रेत्यांकडे, महापेक्ससारख्या राज्य-प्रदर्शनांच्या गाळ्यांवर आणि सर्वांत उत्तम म्हणजे रद्दीच्या दुकानात करावी. गठ्ठा असेल तर तो फोडू देऊ नये. एकाच पत्त्यावर पंचवीस वर्षे आलेली शंभर क्षुल्लक कार्डे मिळून एका कुटुंबाचे चरित्र होतात. विक्रेता त्यांतली युद्धकाळातील सेन्सॉरच्या शिक्क्याची, ‘जय हिंद’च्या १५ ऑगस्ट १९४७ च्या शिक्क्याची अशी निवडक पाच वेगळी काढून चढ्या भावाने विकतो आणि बाकीची मातीमोल करतो. असे करणे म्हणजे पोथीतली सोनेरी पाने तेवढी फाडून घेणे आहे. खोट्या मालाविषयी सावध असावे. कोरे जुने कार्ड मिळवून त्यावर आज मजकूर लिहिण्याची युक्ती फार प्रचलित आहे. परंतु जुनी शाई लोहयुक्त असल्यामुळे काळाने तपकिरी पडते व कागदात मुरते, तर आजची वर तरंगते. आणि शिक्क्याची शाई लिहिलेल्या अक्षरावरून गेली आहे की अक्षर शिक्क्यावरून, हे साध्या भिंगाने पाहता येते. बॉलपेनने लिहिलेले एडवर्ड बादशहाच्या काळचे कार्ड दाखवणारा विक्रेता भेटल्यास त्याच्याशी वाद न घालता पुढे जावे.

मुंबईची हवा कागदाची वैरीण आहे. पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात ठेवलेला संग्रह दोन वर्षांत बुरशीने ठिपक्याठिपक्यांचा होतो, आणि अँटॉप हिलसारख्या खाडीकाठच्या भागात तर फार काळजी घ्यावी लागते. बाजारातील मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून आम्ल सुटते, तेव्हा त्यांऐवजी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे किंवा आम्लरहित कागद वापरावा. चिकटपट्टी कधीही लावू नये. आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. जुने लोक पोथ्यांच्या रुमालात वेखंड घालीत, तो उपाय आजही निरुपद्रवी आहे. नोंद करावी ती शिसपेन्सिलीने, तीही कार्डावर नव्हे तर पाकिटावर: कोठून मिळाले, केव्हा, कोणत्या गठ्ठ्यात. प्रदर्शनात मांडताना मात्र तारतम्य हवे. ही पत्रे लिहिणाऱ्यांनी ती आपल्यासाठी लिहिली नव्हती. गंगाभागीरथी मावशीने कर्जाऊ मागितलेल्या पाच रुपयांची हकिकत तिची नातवंडे हयात असताना नावासकट काचेखाली लावणे हा अधिक्षेप होय. नाव झाकूनही शिक्का, दर आणि वळण दाखवता येते.

नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याला मी एक निराळीच जिन्नस सुचवीन, जिच्याकडे अद्याप व्यापाऱ्यांचे लक्ष गेलेले नाही. मनीऑर्डर या देशात १ जानेवारी १८८० रोजी, पोस्टकार्डापाठोपाठ सहा महिन्यांनी सुरू झाली, आणि जुन्या पद्धतीची ती २०१५ साली बंद पडली. गिरणगावाने कोकण जगवले ते या फॉर्मवर. त्याचे तीन भाग होत: मूळ फॉर्म कचेरीत राही, खालचे कुपन, त्यावरच्या चार ओळींच्या निरोपासह, पैसे घेणाऱ्याच्या हाती पडे, आणि पोच, म्हणजे घेणाऱ्याची सही वा अंगठा असलेला तुकडा, उलट टपालाने पाठवणाऱ्याकडे येई. पत्रे टाकून देणारा कामगारही ही पोच टाकीत नसे, कारण पैसे पावल्याचा तेवढाच पुरावा त्याच्याजवळ असे. ती ट्रंकेत, रेशनकार्डाच्या घडीत किंवा गिरणीच्या पगारपत्रकांबरोबर सापडते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपापूर्वीच्या आणि त्यानंतरच्या पोचा तारखेप्रमाणे लावून पाहिल्या, तर रकमा कोणत्या महिन्यापासून घटल्या आणि कोणत्या महिन्यापासून फॉर्म येणेच थांबले, हे कोणत्याही आयोगाच्या अहवालाइतके स्पष्ट दिसेल. परळ, शिवडी, काळाचौकी येथील चाळी पाडून मनोरे उठत आहेत. खोल्या खाली करताना ट्रंका बाहेर निघतात, आणि रद्दीवाले या पोचा कागद फार पातळ म्हणून इतर रद्दीतून बाजूला काढून टाकतात. त्यांना आधी सांगून ठेवावे.